चांदणीवाली ओळ

व्हायवा चालू होती. एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी समोर बसली होती. विषय आपल्याकडे नेहमी घेतला जातो तोच: शहरी आणि ग्रामीण महाविद्यालयांतल्या मुलामुलींची भावनिक परिपक्वता. लिंग आणि निवास हे दोन घटक, प्रत्येकाचे दोन गट, म्हणून २×२ डिझाइन, म्हणून टू-वे ॲनोव्हा. प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेला, वर सोनेरी अक्षरं, आत टंकलेखन स्वच्छ. मुलीने मेहनत घेतली होती हे पानापानावर दिसत होतं. मी विचारलं, "यातलं इंटरॅक्शन म्हणजे काय, सांगशील?"

तिने तक्त्याचं पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, ही चांदणीवाली ओळ."

एसपीएसएस दोन घटकांच्या नावांच्या मधे एक चांदणी छापतं, तीच ही ओळ. तिने दाखवली ती ओळ बरोबरच होती. "काय सांगते ही ओळ?" "नॉट सिग्निफिकंट." "पण काय सिग्निफिकंट नाही?" ती गप्प झाली आणि गाइडकडे बघू लागली. गाइड म्हणाले, "मॅडम, मुलं आर्ट्सची आहेत. आकडेमोड आम्ही बाहेरून करून घेतो. तुम्ही तिला थिअरीवर विचारा ना."

मला राग त्या मुलीचा आला नाही. राग आला तो या वाक्याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

कारण हे एकट्या त्या सरांचं म्हणणं नाही. स्टाफरूममध्ये, सिनॉप्सिसच्या बैठकीत, कार्यशाळांच्या चहाच्या वेळी मी ते वर्षानुवर्षं ऐकते आहे. त्याची पूर्ण मांडणी अशी होते. मानसशास्त्र हा माणसाच्या मनाचा अभ्यास आहे, आकड्यांचा नाही. आकडे काढायला सॉफ्टवेअर आहे आणि ते चालवायला माणसं मिळतात. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की नल हायपोथेसिस फेटाळायची, वर राहिली की स्वीकारायची, एवढं आलं की संशोधकाला पुरे. टू-वे ॲनोव्हा म्हणजे दोन वन-वे ॲनोव्हा एका तक्त्यात मांडलेले. त्यातलं इंटरॅक्शन ही वरची कटकट. सिग्निफिकंट निघालं तर चर्चेच्या प्रकरणात दोन वाक्यं टाकायची, नाही निघालं तर सुटलो. आणि अलीकडे यात आणखी एक सूर मिसळला आहे: ॲनोव्हा आता जुना झाला, जग मिक्स्ड मॉडेलवर गेलं, मग मुलांना हे शिकवायचंच कशाला?

यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. आणि ज्यांच्या सहीने दरवर्षी प्रबंध बाहेर पडतात त्यांनी ही वाक्यं बोलावीत, हे मला घातक वाटतं.

पहिल्यांदा त्या 'दोन वन-वे एकत्र' या समजुतीकडे येते, कारण बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. ज्याला हे खरं वाटतं त्याने या पद्धतीचा जन्म कुठे आणि कशासाठी झाला ते पाहावं. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये रॉथॅमस्टेड नावाचं शेती संशोधन केंद्र आहे. १८४३ पासून तिथे शेतांवर प्रयोग चालू आहेत. रोनाल्ड फिशर तिथे १९१९ मध्ये रुजू झाले. १९२३ मध्ये त्यांनी विनिफ्रेड मॅकेंझी यांच्यासोबत एक निबंध प्रसिद्ध केला. ॲनोव्हाचा तक्ता छापून आलेला हा सुरुवातीचा निबंध. विषय बटाटा. १२ जाती आणि वेगवेगळी खतं. प्रश्न काय होता? कोणती जात चांगली, हा नव्हता. कोणतं खत चांगलं, हाही नव्हता. प्रश्न हा होता की वेगवेगळ्या जाती खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात का. एका जातीला जे खत मानवतं ते दुसरीला कमी मानवतं का. निबंधाचं शीर्षकच या प्रश्नाचं आहे. म्हणजे ज्याला आपण कटकट म्हणतो, त्या चांदणीवाल्या ओळीसाठीच तो सगळा खटाटोप होता. त्यांना उत्तर 'नाही' असं मिळालं: जाती खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नव्हतं. आणि ते 'नाही' त्यांनी पूर्ण निबंधाच्या योग्यतेचं मानलं.

दोन वन-वे करून हा प्रश्न विचारता येतो का? येत नाही. एका शेतात जातींची तुलना करा, दुसऱ्या शेतात खतांची. दोन्हींची उत्तरं कितीही अचूक असली तरी 'ही जात या खतावर कशी वागते' याबद्दल ती एक अक्षर बोलणार नाहीत. ती माहिती दोन्ही घटक एकाच प्रयोगात, प्रत्येक जोडीनिशी आणले तरच जन्माला येते.

आपल्याकडच्या शेतकी महाविद्यालयांतल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचं 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हे पुस्तक काढलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 'पानसे-सुखात्मे' हे जोडनाव शेतीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलेलं आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठात जा. पदव्युत्तर विद्यार्थी 'वाण गुणिले खत' हे असं बोलतो जसं आपण 'चहा-साखर' बोलतो. त्याला ठाऊक असतं, कारण त्याच्या बापालाही ठाऊक असतं, की बागायतीत जे वाण पैसे देतं ते कोरडवाहूत देईलच असं नाही. 'कोणतं वाण चांगलं?' असं कोणी विचारलं तर शेतकरी उलट विचारतो, 'जमीन कोणती? पाणी किती?' हा प्रश्न म्हणजेच इंटरॅक्शन. मग माणसांचा अभ्यास करणाऱ्या आपणच हा प्रश्न का टाकून द्यावा? ज्वारीच्या ताटाला परिस्थितीने फरक पडतो आणि माणसाला पडत नाही, असं आपलं म्हणणं आहे का?

आता माणसांकडेच येते. १९७५ मध्ये डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये ओबनजवळच्या समुद्रात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाणबुड्यांना ३६ शब्दांच्या याद्या दिल्या. काही याद्या किनाऱ्यावर कोरड्यात पाठ करायच्या, काही सुमारे २० फूट पाण्याखाली. आठवायच्याही कधी कोरड्यात, कधी पाण्याखाली. प्रत्येक पाणबुड्या चारही परिस्थितींतून गेला. सरासरी किती शब्द आठवले? कोरड्यात शिकून कोरड्यात आठवले तर १३.५. कोरड्यात शिकून पाण्यात ८.६. पाण्यात शिकून कोरड्यात ८.४. पाण्यात शिकून पाण्यात ११.४.

त्या दिवशी व्हायवात मी थिअरीवर विचारलं नाही. त्या मुलीपुढे एक कोरा कागद ठेवला, त्यावर चार चौकटी आखल्या, हे चार आकडे भरले आणि म्हटलं, "चारांची सरासरी काढ." तिने काढली: १०.४७५. "आता वरच्या ओळीची, म्हणजे कोरड्यात शिकलेल्यांची." ११.०५. "सगळ्यांच्या सरासरीपेक्षा किती जास्त?" ०.५७५. "डावा रकाना, म्हणजे कोरड्यात आठवलेल्यांचा." १०.९५, म्हणजे ०.४७५ जास्त. "मग मला सांग, शिकण्याच्या जागेचा स्वतःचा तेवढा फरक आणि आठवण्याच्या जागेचा स्वतःचा तेवढा फरक, एवढंच जर जगात असतं, तर कोरडं-कोरडं या चौकटीत किती शब्द यायला हवे होते?"

तिने बेरीज केली. १०.४७५ आणि ०.५७५ आणि ०.४७५. "११.५२५."

"प्रत्यक्षात किती आहेत?"

"१३.५. मॅडम, १.९७५ जास्त आहेत."

"आता बाकीच्या तीन चौकटी तूच कर."

तिने केल्या. कोरडं-पाणी: अपेक्षित १०.५७५, प्रत्यक्षात ८.६, म्हणजे १.९७५ कमी. पाणी-कोरडं: अपेक्षित १०.३७५, प्रत्यक्षात ८.४, पुन्हा १.९७५ कमी. पाणी-पाणी: अपेक्षित ९.४२५, प्रत्यक्षात ११.४, १.९७५ जास्त. चारही चौकटींत एकच आकडा, दोन ठिकाणी अधिक, दोन ठिकाणी उणे. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे कुठे शिकलो आणि कुठे आठवलं, यांपैकी कशानेच एकट्याने विशेष काही होत नाही. दोन्ही जागा एकच आहेत का, यावर आहे सगळं."

सगळ्या प्रकाराला दहा मिनिटंही लागली नव्हती. बेरीज, वजाबाकी, भागाकार, यांपलीकडे काहीही वापरलं नव्हतं. 'मुलं आर्ट्सची आहेत' हे वाक्य त्या कागदापुढे उभं राहतं का? सहावीपर्यंतचं गणित या मुलांना येतं. त्यांना येत नाही ते हे की या गणिताने काय विचारायचं असतं. आणि ते येत नाही, कारण ते कोणी शिकवलेलं नाही. मुलांच्या शाखेवर हे खापर फोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता त्याच पाणबुड्यांचे आकडे 'मेन इफेक्ट तेवढे बघा' म्हणणाऱ्यांच्या पद्धतीने वाचा. कोरड्यात शिकलेल्यांची सरासरी ११.०५, पाण्यात शिकलेल्यांची ९.९. कोरड्यात आठवलेल्यांची १०.९५, पाण्यात १०. शब्दभराचा फरक. निष्कर्ष लिहाल: जागेचा स्मरणावर सार्थ परिणाम आढळला नाही. प्रयोगात जे घडलं त्याच्या बरोबर उलटं वाक्य प्रबंधात जाईल, आणि प्रत्येक आकडा मात्र बरोबर असेल. अशी किती वाक्यं आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत काळ्या रेक्झिनमध्ये बांधून ठेवलेली आहेत?

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी ती माझ्यावर उलटवेल. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या याप मुर्रे यांनी पाणबुड्यांचा हा प्रयोग पुन्हा करून २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना तो परिणाम मिळाला नाही. स्वतः गॉडन आणि बॅडली यांनीच १९८० मध्ये दाखवलं होतं की शब्द आठवून सांगण्याऐवजी दिलेल्या यादीतून नुसते ओळखायचे असतील तर जागेचा परिणाम दिसत नाही. म्हणून हा प्रयोग शिकवू नये का? माझं मत नेमकं उलटं आहे. मुर्रे यांना जे मिळालं नाही ते काय होतं? शिकण्याच्या जागेचा फरक नव्हे, आठवण्याच्या जागेचा फरक नव्हे. मिळालं नाही ते इंटरॅक्शन. ज्याला ती चांदणीवाली ओळ वाचता येत नाही त्याला मूळ प्रयोग काय सांगत होता तेही कळणार नाही आणि नंतरच्या प्रयोगाने त्यातलं काय डळमळीत केलं तेही कळणार नाही. त्याच्या हाती फक्त 'कोणीतरी म्हणतं असतं, कोणीतरी म्हणतं नसतं' एवढंच उरेल.

इंटरॅक्शन टाळायचं म्हणून जो दुसरा रस्ता धरला जातो तो तर याहून वाईट आहे. 'टू-वे कशाला, प्रत्येक गटात वेगळी टी-टेस्ट करा.' हे मी अगदी अनुभवी माणसांकडून ऐकलं आहे. समजा, तणाव कमी करण्याच्या एका प्रशिक्षणाने मुलींमध्ये सरासरी ४.३ गुणांचा फरक पडला, मुलांमध्ये ३.४ गुणांचा, आणि दोन्हीकडे स्टँडर्ड एरर २. मुलींची पी-व्हॅल्यू येईल सुमारे ०.०३, मुलांची सुमारे ०.०९. प्रबंधात वाक्य येतं: 'प्रशिक्षण मुलींसाठी परिणामकारक, मुलांसाठी नाही.' आणि पुढच्या प्रकरणात मुली मनाने अधिक ग्रहणशील का असतात याची दोन पानं कारणमीमांसा. पण मुली आणि मुलं यांच्यातलं अंतर आहे किती? ०.९ गुण. आणि त्या अंतराची स्टँडर्ड एरर सुमारे २.८. म्हणजे मुलामुलींत काहीही फरक असल्याचा पुरावाच नाही. दोन पानांची ती कारणमीमांसा जे नाही त्याची आहे. एक सिग्निफिकंट, दुसरं नाही, म्हणजे दोघांत फरक सिद्ध झाला असं होत नाही. फरकातला फरक तपासायचा असेल तर तोच तपासावा लागतो, आणि तो तपासणारी ओळ म्हणजे ती चांदणीवाली.

ही चूक फक्त आपल्याकडे होते असं समजून कोणी निश्चिंत होऊ नये. सँडर न्यूवेनहाउस, बिर्टे फोर्स्टमन आणि एरिक-यान वाखेनमाकर्स यांनी २०११ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये एक तपासणी छापली. पाच अग्रगण्य नियतकालिकांतले ५१३ निबंध त्यांनी चाळले. त्यांपैकी १५७ निबंधांत ही चूक करायला जागा होती. ७८ निबंधांनी बरोबर पद्धत वापरली, ७९ निबंधांनी चुकीची. जगातल्या पहिल्या फळीतले संशोधक निम्म्या वेळा इथे घसरतात. मग ज्यांना ही ओळ काय विचारते हेच सांगितलेलं नाही त्या आपल्या विद्यार्थ्यांनी कसं सावरावं? आणि टी-टेस्टच करायच्या ठरवल्या तर चार गटांच्या जोड्या सहा होतात. सहा स्वतंत्र चाचण्या धरल्या तर, खरा फरक कुठेच नसताना, त्यांतली किमान एक तरी नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट निघण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही. ती २६ टक्क्यांच्या पुढे जाते.

आता बटण. 'सॉफ्टवेअर करतं ना सगळं!' सॉफ्टवेअर काय करतं ते मी रोज पाहते, म्हणून ठामपणे सांगते की सॉफ्टवेअर गणित करतं. प्रयोग कसा झाला हे त्याला कळत नाही. ३० माणसांना चार परिस्थितींतून नेलं आणि त्यांचे १२० गुण एकाखाली एक भरून 'युनिव्हेरिएट' निवडलं, तर एसपीएसएस ते १२० वेगवेगळ्या माणसांचे गुण समजून तक्ता देईल. तो तक्ता सुबक असेल, एफ असेल, पी असेल, आणि तो चुकीचा असेल. तीच माणसं चारही चौकटींत आहेत हे त्याला सांगावं लागतं. ते सांगायचा मेनू वेगळा आहे, रिपीटेड मेझर्स नावाचा. गटांत माणसांची संख्या सारखी नसेल, आणि आपल्याकडे ग्रामीण मुलींचा गट नेहमीच लहान पडतो, तर आणखी एक पेच येतो. एसपीएसएस आपण होऊन वर्गांची बेरीज तिसऱ्या प्रकाराने करतं, आणि 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमधली एओव्ही ही आज्ञा पहिल्या प्रकाराने. त्याच माहितीवर मेन इफेक्टचे दोन वेगळे एफ येतात. दोन्ही यंत्रं चोख आहेत. मग बरोबर कोणाचं? हे बटणाला विचारायचं का? ज्या माणसाकडून आकडेमोड 'बाहेरून करून' आणली त्याला विचारायचं का? त्याने तर मुलांना पाहिलेलंही नसतं, प्रश्नावली कुठल्या वर्गात, कुठल्या तासाला भरून घेतली हे त्याला माहीत नसतं. हे माहीत असलेला माणूस एकच: संशोधक. आणि त्यालाच आपण म्हणतो, तुला हे समजायची गरज नाही.

शिवाय लिंग आणि निवास हे घटक आपण कोणाला वाटून दिलेले नसतात. बटाट्याला कोणतं खत घालायचं हे फिशर ठरवू शकत होते. कोणती मुलगी खेड्यात जन्मेल हे आपण ठरवत नाही. तक्त्यात 'इफेक्ट' हा शब्द छापलेला असतो म्हणून 'निवासाचा भावनिक परिपक्वतेवर परिणाम होतो' असं लिहिणं खोटं आहे. गटांत फरक आहे, एवढंच म्हणता येतं. हेही सॉफ्टवेअर सांगत नाही.

आणि मग येते ती 'स्वीकारायची' भाषा. पी ०.०५ च्या वर आली, इंटरॅक्शन 'नाही', नल हायपोथेसिस 'स्वीकारली', सुटलो. कशावरून नाही? २×२ मध्ये फरकातल्या फरकाची स्टँडर्ड एरर, त्याच माणसांवर, मेन इफेक्टच्या फरकाच्या दुप्पट असते. चार चौकटींत माणसं वाटली की प्रत्येक चौकटीत निम्म्याची निम्मी उरतात, त्याचा हा हिशोब. आता हा फरकातला फरक मेन इफेक्टच्या निम्म्या आकाराचा असेल, आणि तो तसा असणं अगदी साधी गोष्ट आहे, तर मेन इफेक्ट ज्या खात्रीने पकडता आला त्याच खात्रीने तो पकडायला १६ पट माणसं लागतात. १२० जणांवर मेन इफेक्ट कसाबसा दिसला असेल तर इंटरॅक्शनसाठी १९२०. आपल्या प्रबंधांत एका चौकटीत ३० किंवा ४० मुलं असतात. त्यावर 'इंटरॅक्शन नाही' हे वाक्य म्हणजे कंदील घेऊन शेताच्या बांधावर उभं राहायचं आणि पलीकडच्या डोंगरावर कोणी नाही असं जाहीर करायचं. प्रामाणिक वाक्य एवढंच आहे: इतक्या माणसांवर आम्हाला सांगता येत नाही. हे वाक्य लिहिल्याने कोणाची पदवी अडत नाही. मग ते लिहायला आपण का शिकवत नाही?

याची दुसरी बाजूही तेवढीच गंभीर आहे. इतक्या कमी माणसांवर जे इंटरॅक्शन सिग्निफिकंट निघतं ते टिकतं का? २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांतले ९७ टक्के सिग्निफिकंट होते, पुन्हा केले तेव्हा ३६ टक्के. त्यातही मेन इफेक्टवर उभे असलेले ४७ टक्के टिकले, इंटरॅक्शनवर उभे असलेले २२ टक्के. कोणी म्हणेल, मग तुमचं इंटरॅक्शनच भुसभुशीत निघालं. नाही. भुसभुशीत निघाली ती ही सवय: थोड्या माणसांवर नाजूक प्रश्न विचारायचा, आधी काही अपेक्षा न मांडता तक्त्यात चांदणी शोधायची, आणि सापडली की तिच्याभोवती गोष्ट रचायची. चांदणीवाल्या ओळीचा अर्थ आणि तिची किंमत आधी कळली असती तर हे प्रयोग इतक्या कमी माणसांवर झालेच नसते.

'ॲनोव्हा जुना झाला' या सुरावर फार थांबणार नाही. मिक्स्ड मॉडेल शिकाच, अनेक ठिकाणी तेच योग्य असतं. पण त्या मॉडेलच्या तक्त्यातही दोन नावांच्या मधे खूण असलेली ओळ असते, आणि तिचा अर्थ तोच असतो. ज्याला चार चौकटींत फरकातला फरक दिसला नाही त्याला तो मिक्स्ड मॉडेलमध्ये दिसेल, असं कशाच्या जोरावर म्हणायचं? गाडी बदलली म्हणून रस्ता वाचायला येत नाही.

राहतो सगळ्यात मोठा मुद्दा, 'आम्ही मनाचा अभ्यास करतो, आकड्यांचा नाही' हा. हे बोलणाऱ्यांना वाटतं की त्यांनी माणसाची बाजू घेतली. मला वाटतं त्यांनी माणसाला सोडून दिलं. १९५७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून बोलताना ली क्रॉनबॅक यांनी दाखवून दिलं की मानसशास्त्र दोन तुकड्यांत राहतं. एक तुकडा परिस्थिती बदलून सरासरी माणसाचं काय होतं ते पाहतो आणि माणसामाणसांतला फरक चूक म्हणून बाजूला सारतो. दुसरा तुकडा माणसामाणसांतला फरक मोजतो आणि परिस्थिती विसरतो. या दोघांना जोडायचं तर 'कोणत्या माणसावर कोणती परिस्थिती कशी काम करते' हे विचारायला हवं, असं त्यांचं सांगणं होतं. पुढे रिचर्ड स्नो यांच्यासोबत त्यांनी शिकण्याची क्षमता आणि शिकवण्याची पद्धत यांच्या इंटरॅक्शनवर मोठा ग्रंथ लिहिला, १९७७ मध्ये. आणि त्यांनीच कबूल केलं की ही इंटरॅक्शनं शोधणं अपेक्षेपेक्षा फार अवघड गेलं. अवघड गेलं, म्हणून त्यांनी प्रश्न मागे घेतला नाही.

समुपदेशक समोरच्या मुलाला बघून जे ठरवते ते काय असतं? हा धीर देणारा शब्द या मुलाला उभारी देईल, त्या मुलाला तोच शब्द ओझं होईल. शिक्षक ठरवतो: या वर्गाला गटात बसवलं तर खुलतात, त्या वर्गाला गटात बसवलं तर दोघं बोलतात आणि बाकीचे झोपतात. याला आपण अनुभव म्हणतो, जाण म्हणतो. हीच जाण चार चौकटींत मांडली, मोजली आणि खरी आहे का ते तपासलं की त्याला टू-वे ॲनोव्हा म्हणतात. 'माणूस माणसागणिक वेगळा' असं वर्गात रोज म्हणायचं, आणि ते वेगळेपण तपासणारी एकमेव ओळ तक्त्यात आली की 'नॉट सिग्निफिकंट' म्हणून पान उलटायचं, हे मनाच्या अभ्यासाशी इमान राखणं नव्हे. ज्याला इंटरॅक्शन समजत नाही त्याने टू-वे ॲनोव्हा केलेला नाही. त्याने फक्त तो छापून घेतला आहे. आणि छापून घेतलेल्या आकड्यांवर सही करणाऱ्या गाइडने विद्यार्थ्याला संशोधन शिकवलेलं नाही.

यंदाचे प्रबंध फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधायला जातील. ज्यांच्या हाताखाली मुलं आहेत त्या सगळ्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सही करण्याआधी संगणक बंद करा. मुलापुढे किंवा मुलीपुढे कोरा कागद ठेवा, चार चौकटी आखायला सांगा, त्यांत त्यांच्याच अभ्यासाच्या चार सरासऱ्या भरायला लावा, आणि प्रत्येक चौकटीत किती अपेक्षित होतं, किती आलं, आणि जे उरलं ते कशाचं, हे तोंडाने सांगायला लावा. दहा मिनिटं लागतात. सांगता आलं नाही तर तिथेच बसून शिकवा, आणि सांगता येईपर्यंत सही करू नका.